प्रकरण सतरावे : डावा कॅमेरा

इतिहास राजे घडवतात आणि तो जपतात छायाचित्रकार, असं बाबांचं ठाम मत होतं. निवृत्तीच्या समारंभात ते त्यांनी दोनदा बोलून दाखवलं होतं, कारण पहिल्यांदा माइक बंद होता. प्रत्यक्षात तो इतिहास गेली एकोणीस वर्षं सूनबाई जपत होती. ती औषधांच्या दुकानात काम करायची. गोळ्यांच्या बरण्यांतून ओलावा शोषणाऱ्या ज्या चिमुकल्या पांढऱ्या पुड्या निघतात, त्या ती पर्समध्ये टाकून घरी आणायची आणि दर तीन महिन्यांनी मागच्या खोलीतल्या डब्यांमध्ये बदलायची. एक राज्याभिषेक, तीन राजविवाह, दोन अंत्ययात्रा आणि पुलांची अगणित उद्घाटनं त्या पुड्यांच्या भरवशावर बुरशीतून वाचली होती. प्रत्येक पुडीवर लिहिलेलं असायचं, 'खाऊ नये.'

मागची खोली ही घरातली सगळ्यात कोरडी, सगळ्यात हवेशीर आणि म्हणूनच माणसांच्या वाट्याला न आलेली खोली होती. तिथे अकरा डबे राहायचे. नात जेवणाच्या टेबलावर अभ्यास करायची आणि ताटं मांडायची वेळ झाली की वह्या उचलून सोफ्यावर जायची. डबे गेले की खोली तुझी, असं तिला सांगून आठ महिने झाले होते. पडद्याचा रंगसुद्धा तिने ठरवून ठेवला होता.

आठ महिन्यांपूर्वी राजवाड्याच्या दप्तरखान्यातून पत्र आलं होतं, की आपल्या संग्रहात आम्हाला स्वारस्य आहे, यादी पाठवावी. थोरल्याने, म्हणजे सूनबाईच्या नवऱ्याने, त्या एका वाक्यावर बरंच बांधकाम केलं. राजवाड्यात एक दालन, दालनाला बाबांचं नाव आणि दारावर पितळी पाटी. पाटीचा पत्रात कुठेच उल्लेख नव्हता. ती थोरल्याने दोन ओळींच्या मधून वाचली होती. विमा कंपनीत तीस वर्षं काढलेल्या माणसाला ओळींच्या मधलं वाचायची सवय लागते.

आज रविवार. अकरा वाजता दप्तरखान्याच्या बाई येणार होत्या. साडेनऊला थोरल्याने त्यांचं ताजं पत्र छापून काढलं, चष्मा पुसला आणि मोठ्याने वाचायला लागला. वाचता वाचता थांबला.

"'यादीबद्दल आभार. सर्वप्रथम डबा क्रमांक अकरा पाहण्याची इच्छा आहे.' हे अकरा नंबरचं काय आहे?"

"यादीत आहे की," सूनबाई कप पुसता पुसता म्हणाली.

त्याने यादी काढली. बोट घसरत घसरत तळाशी पोचलं. "'डावा कॅमेरा. निगेटिव्ह सहाशे बारा. राजे, डोळे मिटलेले. स्थिती उत्तम.' हे तू पाठवलंस? राजवाड्यात?"

"पाठवलं."

"असं कसं लिहिलंस?"

"जे आहे ते लिहिलं."

"अगं, जे आहे ते कोण लिहितं!"

सूनबाईच्या हातातला कप पुसून कधीच झाला होता, तरी ती पुसत राहिली. बाटलीवर आत काय आहे ते न लिहिता ती पुढे सरकवायची, हे तिच्या हातून होण्यासारखं नव्हतं. आणि यादी करताना अकराव्या डब्याचं झाकण उघडल्यावर तिला ती फक्त आणखी एक बाटली वाटली होती. चूक आत्ता, कपावरच्या निळ्या फुलाकडे बघताना, एकदम लख्ख दिसली. त्या डब्याबद्दल घराबाहेर बोलायचं नसतं, हे तिला माहीत होतं. लिहायचंही नसतं, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

डाव्या कॅमेऱ्याची गोष्ट घरातल्या घरात सगळ्यांना पाठ होती. राजे फ्लॅशला डोळे मिटायचे. शूर माणूस, बर्फातल्या नदीत उडी टाकलेला, पण उजेड झाला की पापण्या खाली. दरबारचा नियम असा, की प्रत्येक छायाचित्रकाराला दोनच फोटो. बाकीचे एक काढत, फिल्म पुढे सरकवत, फ्लॅश पुन्हा भरायची वाट बघत आणि दुसरा काढत. तोवर राजांच्या पापण्याही ताज्यातवान्या होऊन बसलेल्या. देशातली सगळी वर्तमानपत्रं झोपलेला राजा घेऊन परतत आणि मग जुनाच फोटो छापत.

तोडगा आईंनी काढला. थोरल्याला आंघोळ घालताना काढला. "पहिलं पाणी ओतलं की हा डोळे घट्ट मिटतो," त्या म्हणाल्या होत्या. "लगेच दुसरं ओतलं की डोळे उघडून बघतो, कोण ओततंय म्हणून. तुमच्या राजांना लगेच दुसरं ओता." बाबांनी गळ्यात दोन कॅमेरे अडकवले. डाव्याने उजेड पाडायचा, राजे डोळे मिटणार, उघडणार, तेवढ्यात उजवा. डावा रिकामा नेला असता तरी चाललं असतं, पण फाटकावरचा पहारेकरी रिकामा कॅमेरा आत सोडत नसे. रिकाम्यात काहीही लपवता येतं, असं त्याला वरून सांगितलेलं होतं. म्हणून दोन्हींत त्याच्या डोळ्यांसमोर फिल्म भरावी लागे. अशी एकतीस वर्षं. उजव्या कॅमेऱ्यातून शाळेच्या पुस्तकांत आणि पोस्टाच्या तिकिटांवर गेलेले राजे, आणि डाव्यातून हे सहाशे बारा.

"पाटी गेली," थोरला म्हणाला. "राजांची चेष्टा करणारे फोटो घरात ठेवले म्हणून उलट नोटीस येईल."

"येऊ दे ना!" धाकटा दारातच बोलला. तो नुकताच पोचला होता आणि बूट काढायच्या आत भांडणात शिरला होता. तो एका बातम्यांच्या संकेतस्थळावर काम करायचा. "वहिनी, पहिल्यांदा या घरात कोणी खरं लिहिलंय. तो डबा मला द्या. उद्या सकाळी जगाला कळेल बाबांनी काय केलं ते."

"काय केलं म्हणे?"

"काही केलं नाही, हेच तर केलं! दादा, ढगांची वर्षं विसरलास तू? तू विसरशीलच. तुझं शिक्षण झालं होतं."

ढगांची वर्षं हा घराण्याच्या कालगणनेतला शब्द होता. लग्नं-बारशी त्याच्या आधीची किंवा नंतरची धरली जात. रस्त्यावर मोर्चे निघत होते, तेव्हा बाबांच्या वर्तमानपत्राच्या संपादकांना पहिल्या पानावर डोळे मिटलेला राजा हवा होता. मथळा तयार होता, 'देश जागा, राजा झोपलेला'. बाकीचे छायाचित्रकार असले फोटो फेकून देत, त्यामुळे तो फक्त बाबांकडे असणार, हे सगळ्या कचेरीला ठाऊक होतं. बाबांनी सांगितलं, असा फोटो माझ्याकडे नाही. ते जन्मात एवढं एकच खोटं बोलले आणि तेही इतकं वाईट बोलले, की कुणाचाच विश्वास बसला नाही. दुसऱ्या दिवसापासून त्यांची बदली हवामानाच्या कोपऱ्यावर झाली. तीन वर्षं ते ढग काढत होते. मुख्य छायाचित्रकाराची खुर्ची दुसऱ्या कोणाला मिळाली आणि ती पुन्हा कधी रिकामी झाली नाही.

"डबा माळ्यावर टाकू," थोरला म्हणाला. "बुरशी लागली म्हणून फेकला, असं सांगू."

"बुरशी?" सूनबाईने कप खाली ठेवला. "माझ्या हाताखालच्या डब्याला?"

"अगं, नुसतं सांगायचं."

"मी स्थिती उत्तम लिहिलंय. खाली माझी सही आहे."

"वहिनी बरोबर आहेत," धाकटा म्हणाला.

"भाऊजी, तुम्हाला तो छापायचाय. मी तुमच्या बाजूची नाही."

"मग आहेस तरी कुणाच्या बाजूची?" थोरल्याने विचारलं.

तिने पुढचा कप पुसायला घेतला. आतल्या खोलीतून खोकल्याचा आवाज आला. बाबा कोट घालत होते.

"त्यांना सांगायला हवं," आई म्हणाल्या. त्या इतका वेळ खुर्चीत बसून बिस्किटं ताटलीत लावत होत्या. "ज्याने लिहिलं त्याने सांगावं. जा, बाळ."

बाबा पलंगाच्या कडेला बसले होते, एक बूट पायात आणि एक हातात. निवृत्तीच्या दिवशीचा कोट आता खांद्यांना मोठा होत होता. सूनबाईने सांगितलं. सरळ सांगितलं, औषधाचे परिणाम सांगावेत तसं, काही न गाळता.

बाबांनी हातातला बूट खाली ठेवला.

"सहाशे बारा?" त्यांनी विचारलं. "मोजलेस?"

"दोनदा."

"मी कधी मोजले नव्हते." मग म्हणाले, "त्यांनी मला विचारलं होतं एकदा. नववं वर्ष असेल. दालनात कोणी नव्हतं. म्हणाले, हा डावा कशाचे फोटो काढतो? मी म्हटलं, आपल्या पापण्यांचे, महाराज. असे हसले म्हणून सांगतो, आणि माझे दोन्ही फोटो काढून झालेले. मग म्हणाले, उजवा जगाला दे, डावा तुझ्यापाशी ठेव. मी म्हटलं, ठेवतो. बस, एवढंच. कागद नाही, काही नाही."

"रागावलात?"

"शब्द मी दिला होता. तू कुठे दिला होतास?" त्यांनी दुसरा बूट चढवला. "पण डबा द्यायचा नाही. माळ्यावर नाही, बुरशी नाही. त्या बाईंना तोंडावर 'नाही' म्हणून सांगायचं. एवढं खोटं एकदा बोललो, ते तीन वर्षं पुरलं."

"आणि पाटी?"

"कसली पाटी?"

पाटीचं त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. सूनबाईने खाली वाकून त्यांची नाडी बांधली. बांधताना तिच्या मनात आलं, की एकोणीस वर्षं आपण या माणसाचं काम जपलं आणि एका रकान्यात त्याचा शब्द घालवला.

दप्तरखान्याच्या बाई बरोबर अकराला आल्या. मध्यम वयाच्या, हातांत चढवलेले पांढरे सुती हातमोजे, काखेत एक चपटी निळी पेटी.

"हाताला काही झालंय का?" आईंनी काळजीने विचारलं.

"नाही, नाही. निगेटिव्हला डाग पडू नयेत म्हणून."

"मग बिस्किट कसं खाणार?"

बाईंनी मोजे काढून मांडीवर ठेवले आणि बिस्किट घेतलं. थोरला आभाराचं भाषण सुरू करणार, एवढ्यात बाबा उभे राहिले. ते उभे राहिले की सगळ्यांना वाटे आता फोटो काढणार. सगळे नकळत ताठ झाले.

"बाई, दहा डबे न्या. आनंदाने न्या," ते म्हणाले. "अकरावा मिळणार नाही. यादीत तो खरा आहे, माझ्या सुनेने लिहिलंय ते अक्षर न् अक्षर खरं आहे. पण मी तो कोणाला दाखवणार नाही असं कबूल केलंय. राजवाड्याचा हुकूम असला तरी नाही. ज्यांना कबूल केलं ते आता नाहीत, म्हणजे मला त्यातून सोडवणारंही कोणी नाही."

थोरल्याने डोळे मिटले. उजेड न पडताच.

बाई घाबरल्या नाहीत, रागावल्या नाहीत. त्यांनी बिस्किटाचा चुरा बशीत झटकला, मोजे पुन्हा चढवले आणि निळी पेटी टेबलावर ठेवली. "हुकूम नाही," त्या म्हणाल्या. "राणीसाहेबांनी आधी हे दाखवायला सांगितलंय."

पेटीत एक जाड वही होती. पहिलं पान उघडलं. वर्तमानपत्रातलं एक कात्रण, तळहाताएवढं, पिवळं पडलेलं. एक ढग. खाली छापलेलं, 'आकाश अंशतः ढगाळ'. दुसऱ्या पानावर ढग. तिसऱ्या पानावर ढग. प्रत्येकाखाली तारीख, पेन्सिलने, एकाच हातची. पहिल्या पानाच्या माथ्यावर त्याच हातची एक ओळ होती. बाबांचा चष्मा खिशात होता आणि खिसा त्यांना सापडत नव्हता, म्हणून ती सूनबाईने वाचली.

"'हा माणूस आमच्यामुळे ढग काढतो आहे.'"

 आईंनी बिस्किटांची ताटली उगाच इंचभर सरकवली.

"महाराज स्वतः कापायचे," बाई म्हणाल्या. "नाश्त्याच्या टेबलावर. मोर्चांच्या काळात रोज सकाळी वर्तमानपत्र आलं की राणीसाहेब आधी उघडून बघायच्या, आज तो मिटलेल्या डोळ्यांचा फोटो आला का. डाव्या कॅमेऱ्याचं महाराजांनी त्यांना सांगितलं होतं. प्रत्येक समारंभानंतर सांगायचे, आज पुन्हा त्याने माझ्या पापण्या नेल्या. तो फोटो कधी आला नाही. आतल्या पानावर ढग मात्र यायला लागले, खाली तुमचं नाव. मग त्यांच्या लक्षात आलं."

"कळवायचं तरी," धाकटा म्हणाला. आवाज चढवायचा त्याचा विचार होता, पण तो चढला नाही.

"कळवलं असतं तर संपादकांना पुरावाच मिळाला असता, की फोटो आहेत. महाराज म्हणाले, त्याने गप्प राहून दिलंय, आपणही गप्प राहूनच घ्यायचं. आभार राहिले ते राहिलेच. ते तुम्हाला पोचवायला मला पाठवलंय."

धाकट्याने वही स्वतःकडे ओढली आणि पानं उलटायला लागला. एका कात्रणाशी थांबला. "हा मी दाखवला होता. गच्चीवरून. तुमच्या खांद्यावर बसून. हत्ती होता हा."

"बदक," बाबा म्हणाले.

"हत्ती होता, बाबा! ही सोंड."

"तू दाखवलास तेव्हा हत्ती होता. फिल्म भरेपर्यंत बदक झालं. छापलं ते बदक."

धाकटा हसला आणि हसता हसता त्याने नाक ओढलं. तीन वर्षं रोज संध्याकाळी वडील आपल्याला खांद्यावर घेऊन गच्चीवर उभे असायचे, ही गोष्ट त्याने ढगांच्या वर्षांच्या हिशेबात आजवर धरलीच नव्हती, हे सूनबाईला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. डबा छापायची गोष्ट त्याने पुन्हा काढली नाही.

"राणीसाहेबांचं म्हणणं एवढंच," बाई म्हणाल्या, "की राजवाड्यात महाराजांचे चार हजार फोटो आहेत. सगळ्यांत ते समोरच्याकडे बघताहेत. सगळ्यांत ते कामावर आहेत. जेवण झाल्यावर ते खुर्चीत डोळे मिटून बसायचे, पाच मिनिटं. घरातले म्हणून त्यांना आठवतात ते तसे. तसा एकही फोटो त्यांच्याकडे नाही. यादीतली ओळ वाचून त्यांनी मला दोनदा विचारलं, सहाशे बारा खरंच असतील का? प्रदर्शनात लावायचे नाहीत. कोणाला दाखवायचे नाहीत. त्यांना बघायचेत."

बाबा खाली बसले. ते आईंकडे बघत होते. एकतीस वर्षं दोन कॅमेरे घेऊन फिरलेल्या माणसाला स्वतःच्या घरात निर्णय घ्यायची वेळ आली, की एकाच दिशेला बघायची सवय होती.

"अहो, यात विचार कसला करताय?" आई म्हणाल्या. "ते म्हणाले उजवा जगाला दे. बायको म्हणजे का जग? नवऱ्याच्या मिटलेल्या पापण्यांवर दुसऱ्या कुणाचा हक्क आहे? तुमच्या मी रोज बघते. घोरणंही ऐकते. त्या बिचारीला नुसत्या बघायच्यात."

"घोरत नाही मी."

"डबा आणा."

सूनबाईने डबा आणला. बाईंनी एक पट्टी खिडकीच्या उजेडाला धरली. निगेटिव्हमध्ये काळ्याचं पांढरं झालेलं, तरी ओळखू येत होतं: पुलाच्या फितीपुढे, सिंहासनावर, रुग्णालयाच्या पायरीवर, हातात कात्री घेऊन, नातवाला कडेवर घेऊन, एक थकलेला सभ्य माणूस क्षणभर डोळे मिटून उभा. तरुण, मग प्रौढ, मग म्हातारा.

"एकही डाग नाही," बाई म्हणाल्या. पहिल्यांदाच त्यांचा कचेरीतला आवाज सुटला. "आमच्याकडे वातानुकूलित तळघर आहे आणि आमच्या निम्म्या निगेटिव्हला बुरशी आहे. तुम्ही यात काय वापरता?"

"खाऊ नये," सूनबाई म्हणाली आणि पुडी दाखवली.

मग बाईंनी पावती लिहिली. देणाऱ्याच्या रकान्यात सहीसाठी कागद बाबांपुढे सरकवला. बाबांनी पेन हातात घेतलं, टोपण काढलं आणि कागदासकट सूनबाईकडे दिलं.

"बाबा, हे तुमचं आहे."

"काढलं मी. राहिलं तुझ्यामुळे. आणि तू ते लिहिलं नसतंस, तर मी डबा तसाच मागे ठेवून गेलो असतो आणि आभारही तिकडेच राहिले असते. कर सही."

तिने सही केली.  थोरल्याने सगळ्यात आधी टाळी वाजवली, मग त्याला वाटलं हे जरा जास्त होतंय, आणि त्याने तोच हात बायकोच्या पाठीवर ठेवला. सकाळी त्यानेच विचारलेल्या प्रश्नाचं ते उत्तर होतं. ती कुणाच्या बाजूची, हे आता तिला कोणी विचारणार नव्हतं.

"वही इथेच राहू दे असं राणीसाहेबांनी सांगितलंय," बाई दारात म्हणाल्या. "ढग तुमचे आहेत."

"आणि बाकीचे दहा डबे न्यायला गाडी कधी पाठवताय?" थोरल्याने विचारलं. दालन त्याच्या डोळ्यांपुढे अजून उभं होतं.

"कुठले? उजव्या कॅमेऱ्याचे?" बाई थबकल्या. "त्यांची काही गरज नाही. प्रत्येक फोटोच्या दोन-दोन प्रती तुमच्या वर्तमानपत्राकडून तेव्हाच येत होत्या. आमच्याकडे त्यांनाच जागा पुरत नाही."

गाडी गेली. पावतीवर लिहिलं होतं, 'पुठ्ठ्याचा डबा, जुना, नग एक.'

संध्याकाळी सूनबाईने दुकानातून आणलेल्या एका रिकाम्या खोक्यात ढगांची वही ठेवली, आत दोन पुड्या टाकल्या, वर चिठ्ठी लावली आणि मागच्या खोलीत फळीवर मोकळ्या झालेल्या जागी सरकवली. नातीने जेवणाच्या टेबलावरून वह्या उचलल्या आणि ती सोफ्यावर गेली. मागच्या खोलीत डबे अकराच होते.